विश्लेषण : शाळेत परसबाग फुलली, पण व्हीलचेअर तिथवर पोहोचते का?

जून-जुलैमध्ये शाळांच्या सोशल मीडिया पानांवर एकच दृश्य दिसते. मुले रोपे लावताहेत, गुरुजी खड्ड्यात पाणी घालताहेत, मागे फलक. या फोटोत कुबड्या घेतलेला किंवा व्हीलचेअरवरचा विद्यार्थी दिसलाच, तर तो बहुधा कडेला असतो. त्याला बागकामाची आवड नसते असे नाही. वाफा जमिनीवर असतो आणि वाट चिखलाची असते, म्हणून तो कडेला राहतो.

शाळेत परसबाग कशासाठी?

केंद्राच्या शिक्षण खात्याने 2019 मध्ये शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी भाजी स्वतः पिकवावी, ती शालेय पोषण आहारात वापरावी आणि माती, पाणी, कंपोस्ट यांची ओळख हाताने काम करून व्हावी, हा हेतू. राष्ट्रीय हरित सेना आणि इको क्लब यांची कामेही याच परिसरात चालतात.

म्हणजे बाग ही शोभेची वस्तू नाही, तो शिकण्याचा भाग आहे. ज्याला वाफ्यापर्यंत जाता येत नाही, त्याचा तो तास बुडतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 हा पुरेसा स्पष्ट आहे. कलम 16 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. शिक्षणाबरोबरच खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची आहे. शिवाय इमारत, परिसर आणि सुविधा सुगम करायच्या आहेत. कायद्यात ‘परिसर’ हा शब्द आहे. त्यामुळे दारात एक रॅम्प बांधला की काम संपले, असे म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. सुगमतेचे निकष निव्वळ शिफारशीवजा ठेवणारा केंद्राचा नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करण्यास सांगितले.

प्रश्न किती जणांचा?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29.6 लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा दिव्यांगत्वाचे 8 प्रकार मोजले गेले होते. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश आहे. त्यामुळे एखाद्या शाळेत व्हीलचेअर वापरणारा एकही विद्यार्थी नसला, तरी हा प्रश्न त्या शाळेत नाही असे नसते.

मग बाग कशी हवी?

महागडे साहित्य लागत नाही. 2019 च्या सूचनांत मोकळी जागा नसलेल्या शाळांना कुंड्या, डबे, पिशव्या यांत भाजी लावण्याची मुभा आहे. ती शहरांतल्या शाळांसाठी म्हणून पाहिली जाते. पण डबा टेबलावर ठेवला की तोच उंच वाफा होतो. मेथी, कोथिंबीर, पालक यांना फार खोल माती लागत नाही.

पक्का वाफा बांधायचा असेल तर उंची साधारण 60 सेंमी ठेवता येते. नेमके माप मात्र मुलाला खुर्चीत बसवूनच घ्यावे. एकाच बाजूने हात पोचणार असेल तर रुंदी 60 सेंमीपेक्षा जास्त नको. कोकणात जांभ्याचा चिरा, इतरत्र जुन्या विटा चालतात.

खरा खर्च वाटेचा. व्हीलचेअरला किमान 90 सेंमी रुंदी लागते, वळायला साधारण दीड मीटर जागा. चढ असेल तर 1:12, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. पावसाळ्यात गुळगुळीत शहाबादी फरशी घसरते, त्यामुळे खडबडीत पृष्ठभाग हवा.

दृष्टिहीन मुलांसाठी तुळस, पुदिना, गवती चहा अशी वासावरून ओळखता येणारी झाडे आणि वाफ्यांना ब्रेल पाट्या. वाफ्यांच्या जागा वारंवार बदलू नयेत. स्वमग्न मुलांना ‘आधी खत, मग पाणी’ असा चित्रांचा क्रम मदत करतो. पकड कमी असेल तर खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळता येते. कण्हेरीसारखी विषारी झाडे कोणत्याच शाळेच्या बागेत नकोत.

अडते कुठे?

पैशांपेक्षा मोजमापात. किती रोपे लावली, किती जगली, फोटो पाठवला का, एवढेच विचारले जाते. किती मुलांनी काम केले आणि कोण बाहेर राहिले, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे बागेचा आराखडा काढताना या मुलांचा विचार होत नाही आणि वाफे तयार झाल्यावर ‘आता कुठे बदलणार’ असे उत्तर मिळते.

दुसरी अडचण मायेपोटी येते. ‘त्याला कशाला त्रास’ म्हणून मुलाला पाटी रंगवायला किंवा टाळ्या वाजवायला बसवले जाते. हेतू चांगला असतो. पण मुलाच्या वाट्याला प्रेक्षकाचीच जागा येते.

पालक काय करू शकतात?

शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य असतात. पावसाळ्याआधीच्या बैठकीत तीन प्रश्न विचारता येतील. वर्गापासून बागेपर्यंत पायरीविना जाता येते का? बसून काम करता येईल असा निदान एक वाफा आहे का? आणि आराखडा काढण्याआधी त्या मुलाला विचारले का?

तिसरा प्रश्न सर्वात स्वस्त आहे. आपला हात कुठवर पोहोचतो, हे त्या मुलालाच सर्वांत चांगले ठाऊक असते.