दुधाचा दात म्हणून सोडू नका

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर पोहोचले. आज त्या गावाच्या निमित्ताने, ज्यासाठी कधी मोर्चा निघत नाही असा एक प्रश्न मांडायचा आहे. अंतरवालीच काय, कोणत्याही गावच्या अंगणवाडीत जा आणि लेकरांना तोंड उघडायला सांगा. काळा पडलेला, मुळापर्यंत झिजलेला दात एखाद्याच्या तरी तोंडात दिसेल. आईबापाचे उत्तर ठरलेले, "दुधाचाच हाय, पडंल की!"

चूक इथेच होते. समोरचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. चौथ्या वर्षी दाढ किडली तर लेकराने सहा-सात वर्षे चावायचे कशाने? ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षी सर्वांत मागे येणारी दाढ पक्की असते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून तिलाही आपण दुधाचीच समजतो.

दातात अळी नसते. भुईरिंगणीची धुरी देऊन ती पडत नाही. गोड चहा, बिस्किटे, गोळ्या, रात्री तोंडात राहिलेली दुधाची बाटली, यांतल्या साखरेपासून तोंडातले जंतू आम्ल तयार करतात व दात पोखरला जातो. बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारणीचा काय उपयोग, हे तुम्हाला सांगायला नको.

वेळीच दाखवले तर उपाय सोपे आहेत. कीड थांबवणारे चांदीयुक्त फ्लोराईडचे औषध सुईविना लावता येते. किडलेला भाग काळा होतो, एवढेच. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. खड्डा लहान असेल तर सिमेंट भरता येते. गालाला सूज किंवा ताप असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेची एकदा व्हायची आहे. दातांची कीडही त्यात आहे. पण पथक चिठ्ठी देऊन जाते आणि चिठ्ठी खुंटीवर राहते. ऊसतोडीला गेलेली लेकरे तर तपासणीच्या दिवशी गावातच नसतात.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांनी एवढे करावे: पथकाची तारीख आधी विचारावी, चिठ्ठी मिळालेल्या लेकरांची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि दिवाळीआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, तपासणीची मागणी लेखी करावी. घरी तुम्ही रात्री झोपताना लेकराचे दात स्वतः घासा. फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाएवढी, नंतर वाटाण्याएवढी पुरे.