उद्घाटनानंतर

दिवाळी हा आता नियमांचाही सण झाला आहे. 23 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फटाके उडवण्यासाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली, बेरियमच्या क्षारांना बंदी केली आणि कमी प्रदूषण करणारे फटाकेच बाजारात यावेत असे सांगितले. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा फटाक्यांची सूत्रे तयार केली. जुन्या फटाक्यांपेक्षा त्यांतून सुमारे 30 टक्के कमी धूलिकण हवेत जातात. न्यायालयाने आपले काम केले, प्रयोगशाळेने आपले. तरीही साडेदहा वाजता गल्लीत लड लागते आणि दम्याचा त्रास असलेल्या आजोबांच्या खोलीची खिडकी घरच्यांना बंद करून घ्यावी लागते. निकाल आणि गल्ली यांच्यामध्ये रोजच्या अंमलबजावणीचे जे लांब अंतर आहे, ते चालून जायची जबाबदारी गल्लीत कोणी घेताना दिसत नाही.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग याच अंतराविषयी आहे. पर्यावरणाला जपणारे जगणे सोपे व्हावे म्हणून केंद्र, राज्य आणि महापालिका गेली वीस-पंचवीस वर्षे कायदे करत आहेत, अनुदाने आणि करसवलती देत आहेत. त्यांची यादी लहान नाही आणि हेतूही खोटा नाही. पण ही यादी ओळीने वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. आपल्याकडचा बहुतेक सगळा पैसा आणि बहुतेक सगळा नियम उभारणीपाशी थांबतो. वस्तू बसली, फीत कापली, छायाचित्र निघाले की सरकारी कागदावर काम पूर्ण होते. हिरवे जगणे मात्र त्या दिवशी सुरू होते आणि त्याला पुढची दहा-वीस वर्षे निगा लागते. त्या निगेसाठी तरतूद क्वचितच असते.

वृक्षलागवडीचेच पाहा. महाराष्ट्राने 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी रोपे लावण्याचे लक्ष्य ठेवले. इतक्या मोठ्या संख्येने माणसे एका कामासाठी बाहेर पडली, शाळांची मुले हातात रोप घेऊन टेकड्या चढली, ही गोष्ट कमी मोलाची नाही. परंतु जुलैमध्ये लावलेल्या रोपाची खरी परीक्षा पुढच्या एप्रिल-मेमध्ये असते. तेव्हा टँकर कुठून येणार, शेळ्यांपासून राखण कोण करणार, वणवा लागला तर धावणार कोण? लावलेल्या झाडांचा आकडा दरवर्षी वाजतगाजत जाहीर होतो. तीन उन्हाळे काढलेल्या झाडांचा आकडा त्याच उत्साहाने जाहीर होऊ लागेल, तेव्हा आपण वनीकरण करतो असे म्हणता येईल.

शौचालयांची कथाही वेगळी नाही. स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबाला बांधकामासाठी 12,000 रुपये मिळाले आणि कोट्यवधी घरांत शौचालय आले. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हे उत्तम साधन आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. पण हे खड्डे बदलायचे कसे, कुठल्या खड्ड्याची वाट बंद करायची, पाणी नसेल तर काय करायचे, हे शिकवणारा माणूस बांधकामाचे देयक निघाल्यानंतर गावात क्वचितच फिरकला. शहरात सोसायटीच्या पाऊसपाणी संकलनाचे तेच झाले. मुंबईत 2002 पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना ही सोय सक्तीची आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत पाइप, गाळणी, खड्डा सारे जागच्या जागी असते. पुढे गाळणीत पाने आणि माती साचते, दर पावसाळ्याआधी ती साफ करायची हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते, आणि छतावरचे पाणी सरळ गटारात जाते.

सरकारला हे उमगतच नाही असे मुळीच नाही. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली तेव्हा तिचा भर गरीब घरातल्या स्त्रीच्या नावावर गॅसची जोडणी देण्यावर होता. जोडणी मिळाली, पण सिलिंडर संपला की पुढच्या भरणीचे पैसे एकरकमी कुठून आणायचे, हा प्रश्न राहिला. चूल पुन्हा पेटली, धूर पुन्हा घरात आला. अखेर मे 2022 मध्ये या कुटुंबांना प्रत्येक सिलिंडरमागे 200 रुपयांचे साहाय्य सुरू झाले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ते 300 रुपयांवर नेले गेले. हे वळण आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. शेगडी देणे पुरेसे नाही, ती पेटती राहावी यासाठीही पैसे द्यावे लागतात, हे इथे धोरणाने मान्य केले. तीच समज बाकीच्या योजनांपर्यंत पोहोचायला हवी.

काही योजनांना अर्थातच निगेची गरज पडत नाही आणि म्हणूनच त्या झपाट्याने यशस्वी होतात. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेली ‘उजाला’ योजना हे त्याचे ठळक उदाहरण. सरकारी कंपनीने एलईडी बल्बची इतकी प्रचंड एकत्रित खरेदी केली की एका बल्बचा खरेदीदर 310 रुपयांवरून दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. पुढे 36 कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. त्यासाठी कोणाला दंड झाला नाही, कोणाला शपथ घ्यावी लागली नाही. जुना दिवा काढला, नवा लावला, बिल कमी झाले. जिथे वस्तू बदलल्याने काम भागते तिथे सरकारने आपली खरेदीची ताकद अशीच वापरावी. पण कचरा, पाणी, झाडे, सांडपाणी यांची कामे एकदा करून संपत नाहीत. ती रोज सकाळी नव्याने करावी लागतात.

प्लास्टिकबंदी अडखळली ती याच ठिकाणी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या नाल्यांमधल्या पिशव्यांनी महाराष्ट्राला पहिला मोठा धडा दिला. मार्च 2018 मध्ये राज्याने देशातल्या सर्वांत कडक बंदींपैकी एक लागू केली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, पुढे 10,000, आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपयांसह तुरुंगवास. 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंना देशभर मनाई केली. बंदी योग्यच होती आणि आहे. पण पिशवी कुठे तयार होते, कुठल्या गोदामातून येते, हे शोधण्यापेक्षा भाजीच्या गाडीवर छापा घालणे सोपे असते. दिवसभरात जेमतेम पाचशे रुपये सुटणाऱ्या बाईला 5,000 रुपयांची पावती फाडणे हा न्याय नाही. त्याच अधिसूचनेत पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर परतीची किंमत छापून ती ग्राहकाकडून परत घेण्याची तरतूद होती. ती कल्पना शहाणपणाची होती. सोड्याच्या काचेच्या बाटल्या दुकानदाराला परत देऊन अनामत घेण्याची सवय एका पिढीच्या अंगवळणी पडलेली होतीच. परंतु बाटल्या घेणारी केंद्रे, त्या मोजणारी माणसे, दुकानदाराचा मोबदला, असली कोणतीही रोजची यंत्रणा गल्लोगल्ली उभी राहिली नाही. दंडाचा भाग लोकांच्या लक्षात राहिला, परतीचा भाग विसरला गेला.

यंत्रणा उभी राहिली की काय होते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. पुण्यात 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचकांची ही संघटना. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था आली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून तिने दारोदारचा कचरा उचलायला सुरुवात केली. ओला आणि सुका वेगळा करून द्यायचा हा नियम देशाला 2016 साली घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितला. पुण्यातल्या हजारो घरांनी तो त्याआधीच पाळायला घेतला होता, कारण दारात रोज तीच ताई येत होती. डबा एकत्र दिला तर ती विचारत होती, आणि तिला महिन्याचे शुल्क घरातूनच मिळत होते. सुका माल विकून येणारे पैसेही तिचेच. या व्यवस्थेत उणिवा आहेत, शुल्क थकते, करार रखडतात, पावसात-उन्हात काम करणाऱ्यांना हातमोज्यांसाठी आणि बसायच्या शेडसाठी भांडावे लागते. तरीही इथे निगेला दर आहे आणि निगा राखणाऱ्याला नाव आहे. नियम टिकला तो त्यामुळे.

खेड्यात हेच काम ग्रामसभेने करून दाखवले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. 1990च्या सुमारास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने आदर्श गाव योजनेचा निधी तर आणलाच, पण त्याआधी स्वतःवर बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, उसासारखे तहानलेले पीक लावायचे नाही. बांध आणि चर अनेक गावांत झाले आणि काही वर्षांत गाळाने भरलेही. हिवरे बाजारने वेगळे केले ते हे की पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यानुसार रब्बीची पिके ठरवायची. यंदा पाणी कमी आहे, म्हणून अमुक पीक नको, असे शेजाऱ्याला तोंडावर सांगायचे आणि त्याने ते ऐकायचे. बंधाऱ्याला निधी लागतो. वर्षानुवर्षे असे बसून हिशेब करायला परस्परांवरचा विश्वास लागतो, आणि तो कुठल्याही शासन निर्णयाने मंजूर होत नाही.

आता सारे लक्ष छतांकडे वळले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 कोटी घरांवर सौरसंच बसवायचे आहेत. 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. योजनेचा एकूण खर्च 75,021 कोटी रुपये. ज्याने जास्त वीज तयार केली त्याच्या बिलातून ती वजा होते, म्हणजे संच पुसून, तपासून चालू ठेवण्यात घरमालकाचा रोजचा फायदा आहे. या रचनेत निगेला बक्षीस आहे, हे आम्ही आवर्जून नोंदवतो. उणीव दुसरीकडे आहे. अनुदान मिळायला आधी स्वतःचे छत लागते. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या कुटुंबाचा वीजवापर आधीच कमी, पृथ्वीवरचा भारही कमी, आणि सवलतीतला वाटा मात्र शून्य. पुणे महापालिका सौरसंच, गांडूळखत, पाऊसपाणी संकलन यांपैकी एक सोय असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सूट देते. ही सूट चांगलीच, पण तीही मिळकत असणाऱ्यालाच. जे मुळातच काटकसरीने जगतात त्यांच्या जगण्याला किंमत देणारी योजना आपण अजून आखलेली नाही.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही काही स्पष्ट मागण्या करतो. पर्यावरणाच्या प्रत्येक योजनेत उभारणीच्या खर्चाबरोबर किमान दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरला जावा आणि तो वेगळ्या शीर्षाखाली दिसावा. करसवलत एकदा कागद पाहून कायमची न देता दरवर्षी चालू अवस्था पाहून द्यावी, आणि ती पाहणी करण्यासाठी वॉर्डातल्या तरुणांना प्रशिक्षण व मानधन मिळावे. बंदीचा दंड कारखाना आणि गोदामापासून सुरू व्हावा. कचरावेचक, पाणीपुरवठा कर्मचारी, रोपवनाचे राखणदार यांना करारावरचे तात्पुरते हात न समजता किमान वेतन आणि आरोग्यविमा असलेले कुशल कामगार समजले जावे. छत नसलेल्यांना सार्वजनिक इमारतींवरच्या सौरसंचांत भागीदारी मिळावी आणि त्यांच्या बिलात तिची वजावट दिसावी. यातली एकही गोष्ट अशक्य नाही. उज्ज्वलाच्या सिलिंडरसाठी सरकारने धोरण बदलले, तसे इतरत्रही बदलता येते.

वाचकांकडेही आमचे मागणे आहे. सरकारला उद्घाटन आवडते, कारण आपल्यालाही उद्घाटनच आवडते. ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत नव्या कामाचा ठराव येतो तेव्हा हात वर होतात. जुन्या कामाच्या दुरुस्तीचा विषय आला की खुर्च्या रिकाम्या होतात. यंदाच्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत आपण जे बसवले त्यातले आज काय चालू आहे? खताचा हौद, पाऊसपाण्याची गाळणी, सौरबंब, लावलेली झाडे, सगळ्यांची यादी करा, एकेकाला एकेक जबाबदार माणूस नेमा आणि त्याच्या श्रमाचे पैसे सोसायटीच्या अंदाजपत्रकात धरा. नगरसेवक मते मागायला येतील तेव्हा नवीन काय आणणार याच्याआधी चालू काय ठेवणार हे विचारा. असा प्रश्न पुरेशा दारांत विचारला गेला तर पुढच्या जाहीरनाम्यात त्याचे उत्तर छापावेच लागेल.

विशेष विभागातल्या लेखांत तुम्हाला शहरातल्या कचऱ्याचा प्रवास, गावच्या पाण्याचा हिशेब, सौरविजेचे अर्थकारण आणि या कामांत राबणाऱ्या स्त्रियांची कैफियत वाचायला मिळेल. कथा, कविता, ललित आणि व्यंगचित्रे नेहमीप्रमाणे आहेतच. टपालाने जाणारा अंक यंदा कागदी पाकिटातून पाठवत आहोत.  

ही दिवाळी तुम्हा सर्वांना आरोग्याची, समाधानाची आणि मोकळ्या श्वासाची जावो. अंक वाचून झाला की जवळच्या वाचनालयाला किंवा शेजाऱ्याला द्या, आणि तुमच्या गावात, गल्लीत बसवलेली कोणती गोष्ट आजही नीट चालू आहे, ती कोण चालवते, हे आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकात त्या माणसांची नावे आम्ही मानाने छापू.