दुसरा भाग

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. मामाने दिलेले खाऊचे पैसे आणि वर्षभर साठवलेली चिल्लर एकत्र करून माझ्या नातवाने संगणकावरील एका खेळाचा नुकताच निघालेला दुसरा भाग घेतला. पहिला भाग त्याने दोन वर्षे इतक्या आवडीने खेळला होता, की त्यातले डोंगर आणि वाटा त्याला आमच्या वसईतल्या आळ्यांइतक्याच पाठ झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाहतो तो स्वारी वाडीतल्या केळींपाशी एकटीच बसलेली. मी विचारले, "काय रे, संपला वाटते खेळ?" तो म्हणाला, "संपला नाही, आजोबा. सोडला." थोडा वेळ थांबून पुन्हा म्हणाला, "त्यात सगळे आहे. पण तो खेळ नाही."

मी जन्मभर शिक्षकी केलेली. तेव्हा 'बरे झाले, आता पुस्तक हाती घे' हे वाक्य अगदी ओठावर आले होते. ते मी गिळले. बारा वर्षांच्या मुलाची निराशा ही निराशाच असते. शिवाय त्याचे वाक्य मला एखाद्या टीकाकाराला शोभेल असे वाटले. सगळे असूनही जे नसते, ते काय असते?

याचे उत्तर शोधताना मला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाची हकीकत फार उपयोगी पडली. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो 1989 साली पुरा केला, तेव्हा त्याचे वय पंचवीस होते. पडद्यावरचा राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावावा, म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले, आणि एकेक चित्र गिरवून त्या हालचाली संगणकात उतरवल्या. त्या काळच्या संगणकाची स्मृती एवढी तोकडी, की राजपुत्राशी लढायला दुसरे पात्र काढावे तर जागाच उरली नव्हती! तेव्हा त्याने राजपुत्राच्याच आकृतीवर थोडी करामत करून तिची एक छाया निर्माण केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची छाया त्याच्यापासून सुटी होऊन त्याचीच वैरी बनते. पुढे ती समोर उभी ठाकते. तिच्यावर वार करावा तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान केली, तरच ती पुन्हा आपल्यात मिसळते. एखाद्या दृष्टान्तकथेत शोभावा असा हा प्रसंग निव्वळ अडचणीतून जन्माला आला. जागा मुबलक असती, तर तेथे एखादा मिशाळ राक्षस उभा राहिला असता आणि आपण त्याला केव्हाच विसरलो असतो.

या खेळाचे पुढे अनेक भाग निघाले. 2003 साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने कॅनडातील मॉन्ट्रियल येथे त्याला नवा अवतार दिला. त्याच्या लेखनात स्वतः मेकनर होता. पाऊल चुकले तर कट्यारीतील वाळूच्या बळाने काळ काही क्षण मागे फिरवता यावा, ही त्यातली कल्पना. चूक सुधारण्याची संधी मिळावी, असे कोणाला वाटत नाही? तो खेळ लोकांनी डोक्यावर घेतला. आणि लगेच पुढच्याच वर्षी, 2004 साली, त्याचा उत्तरभाग आला. त्यात हाणामारी वाढली, रक्त वाढले, संगीत कर्कश झाले आणि तो सौम्य, थोडासा मिश्कील राजपुत्र रागीट होऊन बसला. खप वाईट झाला नाही. तथापि अनेक जुने खेळगडी हळहळले, आणि हे वळण आपल्याला आवडले नाही, असे खुद्द मेकनरनेही जाहीरपणे सांगितले.

याच हकीकतीचा पुढचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला. 2003 सालचा तो खेळ नव्याने घडवण्याचे काम कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबई येथील शाखांवर सोपवले. सप्टेंबर 2020 मध्ये त्याची पहिली झलक जगापुढे आली आणि तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. चित्रे जुनाट दिसतात, चेहरे निर्जीव वाटतात, अशी लोकांची तक्रार होती. जानेवारी 2021 ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे 2022 मध्ये हे काम पुन्हा मॉन्ट्रियलला देण्यात आले. टीका साधार असेलही. पण तिच्यातला उपहास वाचून मला त्या तरुण कारागिरांविषयी वाईट वाटले. ज्यांनी मूळ खेळ बहुधा शाळकरी वयात खेळला असेल, त्यांच्या हाती तो देऊन 'असाच करा, पण नवा करा' असे सांगितले गेले. ही आज्ञा पाळणे सोपे नाही. आणि ती काही कंपनीच देते असे नाही, आपणही देतो. आपल्याला तीच चव हवी असते आणि ती पहिल्यांदा चाखल्याचे नवलही हवे असते. नातवालाही मी हे बोलून दाखवले. पहिला भाग खेळताना तू दहा वर्षांचा होतास, आता बारा वर्षांचा आहेस, तेव्हा बदल खेळात झाला की तुझ्यात? तो म्हणाला, "मग जुना भाग अजून का आवडतो?" यावर मला काही उत्तर सुचले नाही.

दुसरा भाग पडतोच, असेही नाही. सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोटे' या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग 1605 साली आला. 1614 साली कोणा दुसऱ्यानेच टोपणनावाने तिचा बनावट उत्तरभाग छापला. पुढच्याच वर्षी सर्व्हांटिसचा खरा दुसरा भाग प्रसिद्ध झाला, आणि तो पहिल्याहून सरस आहे असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. त्या भागातली पात्रे पहिला भाग वाचून बसलेली आहेत! लेखकाला काही नवे सांगायचे होते, हे तेवढ्यावरूनच कळते. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात आला, पण त्याचा कंटाळा आला असे सांगणारा विद्यार्थी मला भेटला नाही. फुरसुंगीचा तो काटकुळा पोरगा तोच राहिला, पण दर खेपेला तो नव्या भानगडीत सापडला. भागवतांनी त्याला पुस्तकागणिक अधिक धिप्पाड केले नाही, की त्याच्या हाती मोठी शस्त्रे दिली नाहीत.

मला राग येतो तो नावाच्या जोरावर चालणाऱ्या दुसऱ्या भागाचा. पहिल्या वेळी नाव नसते, म्हणून गुण दाखवावा लागतो. दुसऱ्या वेळी नाव असते, पैसा असतो, तारीखही आधीच ठरलेली असते, मग 'हे कशासाठी?' हा प्रश्न विचारायला कोणाला सवड उरत नाही. प्रश्नाची जागा भर घेते. नकाशा दुप्पट होतो, शत्रू तिप्पट होतात. खेळ उघडण्यापूर्वीच मुलांचे पैसे घेतलेले असतात. नातवाने ते पैसे खेळासाठी दिले नव्हते, पहिल्या भागावरील विश्वासापोटी दिले होते. माझ्या मते खरे नुकसान झाले ते या विश्वासाचे.

आमच्या वाडीत राजेळी केळी आहेत. केळीला घड एकदाच येतो. मग ते झाड तोडतात आणि बुंध्याशी फुटलेल्या पिलांतले एक जोमदार पाहून राखतात. घाटावरचे शेतकरी या दुसऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. लागवडीचा खर्च वाचला म्हणून पुष्कळ जण त्याच्या खतापाण्याकडे दुर्लक्ष करतात आणि घड लहान आला की जमिनीला दोष देतात. त्या दिवशी मी नातवाच्या हाती कोयती दिली. एका बुंध्याशी पाच पिले होती. कोणते ठेवायचे, यावर आमचा बराच वेळ वाद चालला. अखेर त्याने दाखवलेले ठेवले, बाकीची चार काढली आणि तो शेणखताची पाटी आणायला गोठ्याकडे पळाला.