रंगपटाचे दार कोणी बंद केले?

या चतुर्थीला अमेरिकेतला भाचा सहकुटुंब घरी आला होता. निघण्याआधी महिनाभर तो मुलीला घेऊन फ्लोरिडात, ऑर्लँडोला जाऊन आला होता. तिथे सिनेमावर बेतलेल्या दोन बागा आहेत, एक डिस्नीची आणि एक युनिव्हर्सलची. दोन्ही पाहून झाल्यावर त्याने निकालही लावून टाकला होता. नेवऱ्यांचा डबा पुढे ओढत म्हणाला, "मामा, डिस्नीने बाजी मारली. आता सरळ सिनेमाच्या आत गेल्यासारखे वाटते. आपण पाहिली होती ती अगदीच जुनाट."

"आपण" म्हणजे तो आणि मी. 1997 साली ताई आणि भावोजी फ्लोरिडात होते, तेव्हा मी तिथे गेलो होतो आणि या दोन्ही बागा पाहिल्या होत्या. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला त्यातले फारसे आठवत नाही. मला आठवते आणि म्हणूनच त्याचा निकाल मला मान्य नाही. चतुर्थीच्या दिवशी वाद नको म्हणून गप्प बसलो. इथे गप्प बसायचे कारण नाही.

आधी थोडा इतिहास, कारण या भांडणाचे मूळ तिथे आहे. युनिव्हर्सलची मूळ कंपनी एमसीए. तिला फ्लोरिडात स्टुडिओ-बाग काढायची होती आणि भागीदार म्हणून ती पॅरामाउंटशी बोलत होती. त्या काळी पॅरामाउंटमध्ये मायकल आयस्नर होते. 1984 मध्ये ते डिस्नीचे प्रमुख झाले आणि 1985 मध्ये डिस्नीने फ्लोरिडात स्टुडिओ-बाग काढणार असे जाहीर केले. आमची कल्पना पळवली असा एमसीएवाल्यांचा उघड आरोप होता, आयस्नर यांनी तो नाकारला. खरे-खोटे ते जाणोत. डिस्नी-एमजीएम स्टुडिओज 1 मे 1989 रोजी उघडला आणि युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा 7 जून 1990 रोजी. युनिव्हर्सलचा पहिला दिवस तर फजितीचाच होता. किंगकाँग, भूकंप आणि 'जॉज'चा शार्क या तिन्ही मोठ्या राइड ऐनवेळी रुसल्या. शार्क तर इतका बिघडला की ती राइड पाडून नव्याने बांधावी लागली आणि नीट सुरू व्हायला 1993 उजाडले.

पण एका बाबतीत दोघांचे एकमत होते. दोघांचेही वचन एकच होते: या, सिनेमा कसा बनतो ते दाखवतो. दोघांनी नावात "स्टुडिओ" हा शब्द घातला तो उगाच नाही. दोघांकडे चित्रीकरणाचे खरे फ्लोअर होते, फ्लोरिडात दुसरे हॉलिवूड उभे राहील असे स्वप्न होते. हे वचन कोणी पाळले, या एकाच कसोटीवर मी या दोघांना तोलतो. भाच्याला कसोटी बदलायची असेल तर त्याने खुशाल बदलावी, पण मग त्या बागेला स्टुडिओ म्हणू नये.

1997 मध्ये डिस्नीच्या बागेत मी जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. एका लांब काचेमागे चित्रकार बसले होते. खरे चित्रकार, खऱ्या सिनेमाचे काम करत असलेले. तिथे त्या दिवसांत 'म्युलान'चे काम चालले होते. तो सिनेमा 1998 मध्ये आला. त्यातला एकजण कागद उलटसुलट चाळत होता, मागचा कागद, पुढचा कागद, पुन्हा मागचा. मग खोडरबर घेऊन त्याने काहीतरी पुसले आणि आरशात स्वतःचेच तोंड वाकडे करून पाहिले. बस्स, एवढेच. पण आमच्या आजूबाजूचे लोक काचेला नाक लावून उभे होते. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला तिथून ओढून काढावे लागले होते. (हे त्याला आठवत नाही, मला आठवते.) पुढे ट्राममधून एका खोट्या दरीत नेत. तिथे टँकर पेटे, जमीन हले आणि वरून पाण्याचा लोंढा अंगावर येई. आणि मग ट्राम मागच्या बाजूला वळून ते पाणी कुठून आले, आग कशी लागली याची यंत्रे दाखवी. घाबरवायचे आणि मग घाबरवण्याची युक्ती सांगायची.

युनिव्हर्सलमध्येही तेच होते. हिचकॉकच्या नावाने एक दालन होते. तिथे 'सायको'मधला तो न्हाणीघरातला प्रसंग प्रेक्षकांतूनच कोणाला तरी वर बोलावून, तुकड्या तुकड्यांनी करून दाखवत. भूकंपाच्या राइडमध्ये आधी लहान प्रतिकृती दाखवून 1974 चा सिनेमा कसा केला ते सांगत, मग भुयारी रेल्वेत बसवून छत कोसळवत. सगळे संपले की कोसळलेले छत, उलटलेला ट्रक हळूहळू आपापल्या जागी परत जाताना दिसे. माझ्या मते त्या बागेतले सर्वात सुंदर दृश्य ते होते.

आता हे सांगताना मला आमच्या गावची जत्रा आठवते आणि वाचकांनाही आठवत असेल. देवळाच्या उत्सवात रात्री नाटक असे. नाटक पाहायचे ते असेच, पण खरी ओढ रंगपटाची. गोणपाटाच्या फटीतून आत बघायचे. आपल्याच गावचा पोस्टमन तोंडाला रंग फासून घेतोय, विडी ओढत असलेल्या दुर्योधनाची मिशी चिकटत नाही म्हणून रंगभूषाकार वैतागलाय, द्रौपदी पदर खोचून चहा पितेय आणि तिला दाढीची खुंटे आहेत. कोणीतरी खेकसून हाकलून देई, की दुसऱ्या फटीतून पुन्हा आत डोळा. आणि गंमत म्हणजे एवढे सगळे पाहूनही तासाभराने वस्त्रहरणाला आमच्या डोळ्यांत पाणी येई ते येईच. पडद्यामागचे पाहिल्याने जादू मरते असे जे म्हणतात त्यांनी गोव्यातली जत्रा पाहिलेली नाही. उलट आमच्या गावात जे पुढे नट झाले, पेटीवाले झाले, पडदे रंगवणारे झाले, ते सगळे त्या फटीपाशी उभे राहिलेले होते.

डिस्नीने ती फट लिंपून टाकली. एका दिवसात नाही, हळूहळू. ट्राममधून दिसणारी ती नकली घरांची गल्ली 2003 मध्ये पाडली, कारण मोटारींच्या कसरतींच्या खेळाला जागा हवी होती. 2004 मध्ये फ्लोरिडातला ॲनिमेशन स्टुडिओ बंद केला, अडीचशेच्या आसपास माणसे घरी गेली आणि काचेमागची टेबले रिकामी झाली. 2008 मध्ये नावातले "एमजीएम" जाऊन "हॉलिवूड" आले. 2014 मध्ये ट्रामची फेरी संपली. 2017 मध्ये जुन्या सिनेमांतून फिरवणारी 'ग्रेट मूव्ही राइड' गेली आणि 2020 मध्ये तिच्या जागी मिकीची आगगाडी आली. जिथे ट्राम फिरत होती तिथे आता 2018 मधले 'टॉय स्टोरी'चे अंगण आणि 2019 मधला 'स्टार वॉर्स'चा गाव आहे. तो गाव देखणा आहे हे मी फोटो पाहून मान्य करतो. पण त्या गावात सिनेमा नावाची वस्तूच नाही. तिथले दुकानदारही तुम्हाला आपण परग्रहावर राहतो असेच सांगणार. 2025 मध्ये डिस्नीने ॲनिमेशनच्या त्या जुन्या अंगणात जुन्याच नावाने काही नवे आणण्याची घोषणा केली. मुले तिथे चित्र काढायला शिकतील, ते चांगलेच आहे. पण मुलांच्या हातात पेन्सिल देणे वेगळे आणि पोटासाठी पेन्सिल चालवणारा माणूस समोर बसवणे वेगळे.

युनिव्हर्सल काही धुतल्या तांदळाची नाही. हिचकॉकचे दालन तिने 2003 मध्ये मोडले आणि तिथे 'श्रेक' आणला. मुलांच्या वाहिनीचा स्टुडिओ होता तो 2005 मध्ये गेला. शार्क 2012 च्या जानेवारीत कायमचा पाण्याखाली गेला आणि 2014 मध्ये त्याच जागेवर हॅरी पॉटरची डायगन ॲली उभी राहिली. भूकंपाची राइड आधी विनोदी झाली, मग 2015 मध्ये तीही संपली. आता बरेचसे म्हणजे पडद्यासमोर खुर्ची हलवणे. घरच्या टीव्हीसमोर कोणी मागून खुर्ची हलवली तर आपण त्याला ओरडतो, तिथे पैसे देतो. 2025 मध्ये ऑर्लँडोत या कंपनीची 'एपिक युनिव्हर्स' ही आणखी एक बाग उघडली. तिने नावातून "स्टुडिओ" हा शब्दच वगळला. निदान प्रामाणिकपणा आहे.

तरीही माझे मत युनिव्हर्सललाच आहे. फ्लोरिडाच्या त्या बागेत 1990 पासूनचा भयपटांच्या रंगभूषेचा खेळ टिकून आहे. रबराचे हात, नकली रक्त, न कापणारा सुरा, सगळे रंगमंचावर उघडे करून दाखवतात आणि लोक हसून लोळतात. दुसरे कारण कॅलिफोर्नियात आहे. कार्ल लेमली यांनी 1915 मध्ये युनिव्हर्सल सिटी उघडली तेव्हापासून 25 सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहू देत. तेव्हा मूकपट होते, लोकांनी आरडाओरडा केला तरी बिघडत नसे. बोलपट आल्यावर पाहुणे बंद झाले. 1964 मध्ये ट्राम सुरू झाली ती आजही चालत्या स्टुडिओतूनच फिरते. 'सायको'चे घर तिथे आहे. स्पीलबर्गच्या 2005 च्या सिनेमासाठी खरे विमान आणून मोडले, ते त्या अवस्थेत तसेच पडलेले आहे. चित्रीकरण चालू असेल तर ट्रामला वाट बदलावी लागते. त्या बागेचे सगळे खेळ एका बाजूला आणि ही बदललेली वाट एका बाजूला.

यावर भाच्याचे उत्तर मला ठाऊक आहे. आता सिनेमा संगणकावर बनतो, दाखवणार काय? हिरवा पडदा आणि मॉनिटरसमोर बसलेली माणसे? अरे, मग काचेमागचे ते चित्रकार काय सर्कस करत होते? तेही बसूनच होते. माणूस काम करताना चुकतो, पुसतो, पुन्हा करतो, हे पाहण्यात जी गंमत आहे तिला यंत्र कोणते याच्याशी देणेघेणे नाही.

दुसरे उत्तर असे की लोकांनाच ते नको आहे, लोकांना जादूच हवी. हे उत्तर मला जास्त झोंबते, कारण ते लोकांच्या नावावर खपवले जाते. ऑर्लँडोत पॉटरचा किल्ला हा किल्ला म्हणून दाखवतात, छडी विकतात. पण लंडनजवळ लीव्ह्सडेनला, जिथे ते सिनेमे खरोखर चित्रित झाले, तिथे 2012 मध्ये वॉर्नर कंपनीने तोच पॉटर उघडा करून दाखवला. खरे सेट, खरे कपडे, मुखवटे कसे केले, झाडूवर उडण्यासाठी हिरव्या पडद्यासमोर कसे बसवले ते सगळे. अख्ख्या किल्ल्याची 1:24 प्रमाणातली प्रतिकृती तिथे आहे, म्हणजे सिनेमात आपण ज्याला किल्ला समजलो ती. लोक तिकडे पाठ फिरवतात का? आधी तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत. 2023 मध्ये टोकियोतही तसेच दुसरे उघडले. लोकांना नको असते तर कंपनीने एवढा खर्च कशाला केला असता?

आपल्याकडे गोव्यात चित्रनगरीचा विषय अधूनमधून निघतो. 2004 पासून इफ्फी पणजीत आहे, तेव्हा निघणारच. जागेचा वाद वेगळा, तो इथे नको. पण उद्या ती झालीच, तर कुठल्या नमुन्यावर होणार? हैदराबादची रामोजी फिल्म सिटी 1996 पासून आहे. तिथे पर्यटकांची बस आणि शूटिंगची व्हॅन एकाच रस्त्यावरून जातात, हे मला आवडते. पण तिथून परतलेल्यांचे फोटो पाहिले तर सगळे 'बाहुबली'च्या सेटपुढे छाती काढून उभे. तो सेट कुणी रंगवला हे एकालाही सांगता येत नाही. आमच्या चित्रनगरीत सेल्फीसाठी प्लायवूडची फ्रेम आधी येईल आणि प्लायवूड रंगवणारा शेवटी, ही मला खरी भीती आहे. इफ्फीत छायालेखक, संकलक आपले काम उलगडून सांगतात तेव्हा तिथे बसायला येणारी आपली मुले मी पाहिली आहेत. ती सिनेमातल्या कोणत्याही गावात राहायला आलेली नसतात.

भाचा गेला. जाताना त्याच्या मुलीने मला तिची दुकानातून घेतलेली जादूची छडी दाखवली. बटण दाबले की टोक उजळते. तिने विचारले, "आजोबा, आत काय असते?" मी स्क्रू-ड्रायव्हर आणला. भाचा म्हणाला, "नको मामा, महाग आहे." आम्ही उघडली. बॅटरीचे एक बटण, एक इवलासा दिवा, दोन तारा. पुन्हा बसवताना एक स्क्रू उरला, पण छडी अजून लागते म्हणे.