रूळ कुणाच्या दारात?



नागपूरची मेट्रो वर्धा रोडने खापरीपर्यंत जाते. मार्च २०१९ मध्ये हा मार्ग सुरू झाला. त्यावर 'एअरपोर्ट', 'एअरपोर्ट साऊथ' आणि 'न्यू एअरपोर्ट' अशी एकाच विमानतळाच्या नावाची तीन स्टेशने आहेत. विमानतळाच्या मोठ्या विस्ताराची कोनशिला मात्र बसली ऑक्टोबर २०२४ मध्ये. नव्या विमानतळाच्या आधी त्याचे स्टेशन हजर! आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची गाडी? ती फेब्रुवारी २०२४ मध्ये कशीबशी कळंबपर्यंत पोचली.

मेट्रोला आमचा विरोध नाही. आमची पोरे नागपुरात शिकतात, मिहानमध्ये कामाला जातात, तीही त्याच डब्यात बसतात. आम्ही हिशेब मागतो आहोत.

रूळ टाकणारा आपल्या गरजेने टाकतो, हे वऱ्हाडाला नवे नाही. अमेरिकेतल्या यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा साहेबाची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' आली, तीही कापूस उचलायलाच. कापूस गेला, भाव काही आमच्या दारात आला नाही. आज शकुंतलाही बंद आहे.

आता रुळांना कापूस नको, जमीन हवी. स्टेशन येणार म्हटले की भोवतालच्या जमिनीचा भाव चढतो. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना जास्त उंच बांधायला सरकारच परवानगी देते. हा चढलेला भाव जातो कुणाच्या खिशात? ज्याने वीस-तीस वर्षे तिथे पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवली, त्याच्या नक्कीच नाही. तो आधीच सातबाऱ्यावरून उतरलेला असतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही नावे मिहानच्या नकाशावर आहेत. त्या शिवारातल्या जुन्या कास्तकारांना विचारा.

कुणी म्हणेल, २०१३ चा भूसंपादन कायदा आहे ना! आहे, आणि १८९४ च्या कायद्यापेक्षा तो बरा आहे. पण त्यातला बाजारभाव मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून निघतो. म्हणजे स्टेशन येण्यापूर्वीच्या कोरडवाहू भावावरून. त्याला गुणले, त्यावर दिलासा रक्कम दिली, तरी उद्याच्या भावात आमचा वाटा शून्यच.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या विमानतळाशेजारी प्रदर्शनाचे मोठे केंद्र २००७ मध्ये उघडले. ती कोबी पिकवणारी सुपीक जमीन. तिथल्या शेतकऱ्यांनीही विरोध केला होता. त्या स्टेशनाच्या नावात आज विमानतळ आहे, प्रदर्शन आहे, कोबी नाही.

प्रदर्शने नागपुरातही भरतात. आम्ही एसटीने जातो, यंत्रे पाहतो. तिथे प्रत्येक यंत्राची किंमत ठरलेली असते, आणि ती यंत्रवालाच सांगतो. आमच्या कापसाची किंमत मात्र घेणारा सांगतो. जमिनीचेही तसेच चालू द्यायचे का?

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ ला बसली. एक फाटा मिहानपासून बुटीबोरीकडे जाणार आहे. म्हणून आमची मागणी साधी आहे. मार्ग आणि स्टेशनांच्या जागा खरेदी सुरू होण्यापूर्वी गावातल्या चावडीवर लागाव्यात. जमीन जाईल त्याला पैशासोबत विकसित भूखंडाचा हिस्सा मिळावा, म्हणजे चढत्या भावात तोही भागीदार राहील. आणि जिथे माणसांसाठी रूळ येतात तिथे शेतमालासाठी गोदाम आणि मालधक्काही यावा.

तोवर एक करा. दलाल गाडी घेऊन बांधावर आला आणि रोकड दाखवू लागला, तर इसारपावतीवर सही करण्याआधी ग्रामसभा बोलवा. एकट्याने विकलेला सातबारा स्वस्त जातो. जिल्ह्याच्या बैठकीला येताना गावाचा ठराव सोबत आणा.