पाणी कुठे मुरते?

आमच्या गाडीने यंदा पंचविशी ओलांडली. तिचे नावगाव सांगत नाही. म्हातारपणीचे दुखणे चव्हाट्यावर मांडू नये. दुखणे एवढेच, की रेडिएटरमधले कूलंट दर आठवड्याला पेलाभर कमी व्हायचे, आणि जमिनीवर थेंब नाही! मीही सोपा उपाय काढला होता : वरून साधे पाणी ओतायचे.

दिवाळीला मुलाबाळांसह सासुरवाडीस, दवनीवाड्यास निघालो. भंडाऱ्यापुढे वैनगंगा ओलांडली, दुतर्फा पिकलेले धान दिसू लागले, आणि बॉनेटमधून वाफा! उष्णतेचा काटा मात्र शांत. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, वाफ भरलेल्या कुकरचं झाकण कुणी उघडतं का?" हात वाचला. इंजिन निवल्यावर पाणी भरून कसेबसे गाव गाठले.

गावच्या मिस्त्रींनी विचारले, "जवाईबापू, पाणी टाकता; पण जाते कुठं, ते पाह्यलं का?" त्या रात्री त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "सकाळी सुरू करू नका, मी येतो," एवढेच म्हणाले.

पहाटेच्या अभ्यंगानंतर पाहतो तो मिस्त्री बॅटरी घेऊन हजर! वॉटर पंपाखाली वाळलेला हिरवट ओघळ त्यांनी दाखवला. पंपाला बारीक भोक असते. आतले सील झिजले, की तिथून गळती दिसते. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याच दाबाने ते झिजल्या जागेतून निसटते आणि तापल्या लोखंडावर वाळून जाते. मग जमिनीवर थेंब कुठून दिसणार? पाणी फार उतरले, की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलतो.

वाचकहो, गाडी थंड असतानाच झाकणाचे रबर, होजची टोके आणि पंप तपासा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, किंवा इंजिन तापूनही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी हलवू नका. सील वेळेवर बदलले तर निभावते. हेड वाकले तर दिवाळे!

परतताना सौभाग्यवती म्हणाल्या, "घरखर्चातही तुम्ही नुसते वरूनच ओतता. एकदा पहाटे तिथंही बॅटरी मारून बघू या का?"

मी काट्याकडे पाहत गाडी चालवत राहिलो.