'कॉम्प्युटरमध्ये घेतलंय ना!'

मराठी घरांमध्ये गेल्या वीस वर्षांत कुठल्या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल, तर ते हे. जुन्या कॅसेट, लग्नाची व्हीएचएस, आजोबांच्या वह्या.. एकदा का त्यांचं 'डिजिटल' झालं की माळ्यावरून थेट भंगारवाल्याकडे. का? तर कॉम्प्युटरमध्ये घेतलंय ना! आणि गंमत म्हणजे हे वाक्य घरच्यांना शिकवणारे आपणच. म्हणजे तुम्ही-आम्ही, आयटीवाले.

लिहायला निमित्त झालं जेऊरचं. पुण्याहून सोलापूरला जाताना दौंड सोडलं की कुर्डुवाडीच्या अलीकडे लागतं ते, करमाळा तालुक्यातलं. तिथे काकांकडे एक 'सर्व्हर' आहे. म्हणजे चुलतभावाने जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि जेलिफिन टाकून टीव्हीला जोडून दिलेला डबा. लाइट दिवसातून तीनदा जाते, यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. एक दिवस डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला आणि डबा उठेचना. जवळच्या एका दुकानदाराने तत्परतेने सांगितलं, 'फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा चालेल.' नशीब, काकांनी हो म्हणायच्या आधी मला फोन केला.

"आरं, पिच्चर गेलं तर जाऊ दे. पर आईच्या ओव्या हायत त्यात."

आजीचं सासर भीमेकाठचं. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि ते जुनं गाव पाण्याखाली गेलं. वाडा गेला, जातंही गेलं, ओव्या तेवढ्या तिच्या तोंडात राहिल्या. नव्वदच्या दशकात काकांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्या भरून घेतल्या, एकूण तीन कॅसेट. पुढे भावाने त्यांच्या एमपी3 फायली केल्या. कॅसेटचं काय झालं हे सांगायला नकोच. घरात पसारा होता, आणि कॉम्प्युटरमध्ये घेतलेलं होतं!

आता हिशोब बघा. दोन टीबीची डिस्क. त्यात पावणेदोन टीबी सिनेमे आणि मालिका, जे जगात इतर हजार ठिकाणी सापडतील. ओव्या सगळ्या मिळून तीनशे एमबीसुद्धा नाहीत. सिनेमांना पोस्टर, सबटायटल, कलाकारांचे फोटो, सगळा थाट. ओव्यांच्या फोल्डरचं नाव होतं 'न्यू फोल्डर 2'. आणि अशा वेळी आपण नेटवर काय शोधतो? 'मीडिया सर्व्हर परत कसा उभा करायचा.' अहो, सर्व्हर उभा करायला अर्धा तास लागतो. त्यात परत आणण्यासारखं काय होतं, ही यादी घरातल्या कुणाकडे असते का?

(ज्यांच्यावर आत्ता ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी: टकटकणारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तिच्यावर चेकडिस्क किंवा दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर थेट चालवू नका. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करा आणि डीडीरेस्क्यूने सगळी डिस्क दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर उतरवून घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब सेक्टरांशी झटापट शेवटी करतं, आणि कुठपर्यंत आलो याची नोंद एका फाइलीत ठेवतं, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. जेऊरात हे किती कामाला आलं म्हणून सांगू! दुरुस्ती करायची ती नकलेवर. आणि डिस्क अजिबातच फिरत नसेल तर घरी प्रयोग नकोत, जाणकाराकडे द्या.)

आता आपल्यातले पंडित म्हणतील, रेड लावायला हवं होतं. रेडची कल्पना बर्कलीच्या तिघांनी 1988 च्या पेपरात मांडली. एक डिस्क मेली तरी मशिन चालू राहावं, एवढंच तिचं काम. व्होल्टेज वाढून दोन्ही डिस्क एकदम जळल्या, किंवा पोराने फोल्डर उडवला, तर रेड काय करणार? आरशातलं फोल्डरही त्याच क्षणी उडतं.

मग क्लाउड? ठेवा की, जरूर ठेवा, पण एकमेव प्रत म्हणून नको. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं. 2015 आधी लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, असं मायस्पेसने 2019 मध्ये सांगितलं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा जून 2021 पासून संपली. आणि बॅकअप 'आहे' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी गिटलॅब आठवावं. जानेवारी 2017 मध्ये तिथल्या एका इंजिनियरने चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. वाचवलं ते सहा तासांपूर्वी सहज काढलेल्या एका नकलेने.

हे फक्त कॉम्प्युटरचंच दुखणं आहे असंही नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात आग लागून फिल्म अर्काइव्हची नायट्रेटची जुनी रिळं जळाली. प्रभातचे सिनेमे आपण आजही बघतो, कारण त्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या. ओव्यांचंच घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आज त्या 'परी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात, कारण एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची काळजी कुणीतरी घेतली. आपल्या आजीसाठी ती कोण घेणार?

ऑफिसात आपण डिझास्टर रिकव्हरीचे ड्रिल करतो, क्लायंटची इन्व्हॉइस तीन ठिकाणी ठेवतो, रात्री दोनला उठून रिस्टोअर तपासतो. घरी मात्र आजीचा आवाज एका डिस्कवर, आणि ती डिस्क धूळ खात टीव्हीखाली. वेळ नाही म्हणू नका, नवीन नॅस कुठला घ्यावा यावर आपण महिनाभर व्हिडिओ बघतो!

असो. डिस्क उतरायला अडीच दिवस लागले. तीनपैकी दोन कॅसेट पूर्ण मिळाल्या. तिसरीच्या मध्यात चार मिनिटांच्या आसपास नुसती खरखर आहे. तिथे काय होतं ते आत्याला थोडंफार आठवतंय. आता एक प्रत जेऊरला, एक माझ्याकडे पुण्यात, एक आत्याकडे कुर्डुवाडीला, आणि तिन्हीकडच्या फायली मी वाजवून बघितल्या आहेत. सिनेमे मी परत टाकलेले नाहीत. काका त्यावरून जरा नाराज आहेत.